‘सि’वर अडलेला टॅब

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या किल्ल्यांची छायाचित्रे, नकाशे आणि गावांच्या नोंदी यांचा संग्रह एका लिनक्स संगणकावर ठेवला आहे असे समजा. माहुली, गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड अशी किल्ल्यांच्या नावांची फोल्डरे आहेत आणि नारिवली, म्हसा, धसई, डोळखांब, किन्हवली अशी गावांची. टर्मिनल उघडून ‘सीडी’ ही कमांड लिहिली, एक जागा सोडून ‘गो’ टाइप केले आणि टॅबची कळ दाबली, की ‘गोरखगड’ हे पूर्ण नाव समोर येते. ‘मा’ लिहून टॅब दाबला की ‘माहुली’. आता नुसता ‘स’ लिहून टॅब दाबला, तर त्या ‘स’ला पहिली वेलांटी लागते, ‘सि’ तयार होतो आणि काम तिथेच अडते. पुन्हा दाबल्यावर खाली दोन नावे उमटतात आणि घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सिद्धगडच वाटतात. बारकाईने पाहिले तर एक ‘सिद्धगड’ आहे आणि दुसरे ‘सिध्दगड’. ‘सिद’ एवढे लिहून टॅब दाबला तर पहिले पूर्ण होते. दुसऱ्यातली छायाचित्रे मात्र या वाटेने कधीच हाती लागत नाहीत.

अशा वेळी टॅब बिघडला असे म्हटले जाते, कुणी शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये लिहिलेल्या कमांडी वाचणारा प्रोग्रॅम, नव्याने बसवतो, तर कुणी अख्खी लिनक्सच. माझे म्हणणे असे, की टॅबचे गप्प बसणे हा बहुतेक वेळा बिघाड नसतो, ती साक्ष असते. लिहिलेल्या अक्षरांनी सुरू होणारे एकही नाव त्याला दिसले नाही, किंवा एकापेक्षा जास्त नावे दिसली, एवढेच तो खरेपणाने सांगत असतो. आपल्याला दिसते ते त्याला का दिसत नाही, हा प्रश्न एकेक थर बाजूला करत विचारला तर उत्तर सापडते. मराठी नावांच्या बाबतीत ते उत्तर बऱ्याचदा सगळ्यात आतल्या थरात, म्हणजे नावाच्या लेखनातच असते, आणि तिकडे आपण सर्वांत शेवटी पाहतो.

टॅब नेमके काय करतो ते आधी पाहू. अर्धे लिहिलेले नाव यंत्राने पूर्ण करावे ही कल्पना जुनी आहे. १९७० च्या दशकात टेनेक्स नावाच्या संगणकप्रणालीत ती होती, आणि ‘टीसीशेल’ या शेलच्या नावातला ‘टी’ टेनेक्सचाच आहे. आज बहुतेक लिनक्स संगणकांवर जो ‘बॅश’ चालतो तो १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी पहिल्यांदा प्रसिद्ध केला. त्यातले टाइप करण्याचे सगळे काम ‘रीडलाइन’ नावाचा भाग सांभाळतो. टॅब दाबला की रीडलाइन फोल्डरातली नावे वाचते, आपण लिहिलेल्या अक्षरांशी प्रत्येक नावाची सुरुवात ताडून पाहते आणि जुळणाऱ्या सगळ्या नावांचा जेवढा आरंभ सारखा आहे तेवढा लिहून देते. एकच नाव जुळले तर ते पूर्ण होते. या ताडून पाहण्यात अर्थ, उच्चार, शुद्धलेखन यांतले काहीच येत नाही. लिनक्सच्या गाभ्याच्या दृष्टीने फाइलचे नाव म्हणजे बाइटांची रांग, आणि तिरपी रेघ व शून्य बाइट सोडले तर त्या रांगेत काहीही चालते.

तपासाचा पहिला थर सोपा आहे, पण तो वगळून पुढे जाऊ नये. आपण खरेच बॅशमध्ये आहोत का? उबुंटूने २००६ पासून ‘एसएच’ या नावामागे बॅशऐवजी ‘डॅश’ हा हलका शेल ठेवला आणि पुढे डेबियननेही तेच केले. त्यात टॅबची ही सोय सहसा नसते. नवे खाते उघडताना शेल नेमून दिला नाही, तर त्या माणसाच्या वाट्याला हाच शेल येऊ शकतो, आणि मग टॅब दाबल्यावर पडद्यावर नुसती मोकळी जागा उमटते. ‘एको’पुढे डॉलर आणि शून्य लिहिले की चालू शेलचे नाव कळते. बॅशच असेल, तर तो ‘नोआरसी’ हा पर्याय देऊन, म्हणजे आपल्या सेटिंगच्या फाइली न वाचता, सुरू करून पाहावा. तिथे टॅब नीट चालला तर दोष आपल्याच सेटिंगमध्ये आहे हे नक्की झाले, आणि पुन्हा काही बसवण्याचा विचार सोडून द्यायला हरकत नाही.

दुसरा थर नियमांचा. कोणत्या कमांडपुढे कोणती नावे सुचवायची हे ठरवण्याची सोय बॅशमध्ये २००० साली, २.०४ या आवृत्तीत आली, आणि त्याच सुमारास शेकडो कमांडींसाठी असे नियम लिहिलेला ‘बॅश-कम्प्लीशन’ हा संच तयार होऊ लागला. सोय मोठी आहे, पण नियम म्हटला की तो काही नावे दाखवणार आणि काही लपवणार. ‘सीडी’पुढे फक्त फोल्डरे दिसतात. ‘अनझिप’पुढे फक्त झिप जातीचे शेपूट असलेल्या फाइली दिसतात. मोबाइलवरून आलेल्या झिप फाइलचे शेपूट वाटेत गळले असेल, तर ती डोळ्यांपुढे असूनही टॅब तिचे नाव घेत नाही. ही शंका फेडायला एक सुंदर कळजोडी आहे: ऑल्ट धरून तिरपी रेघ दाबावी. त्याने सगळे नियम बाजूला ठेवून फक्त फाइलींच्या नावांवरून पूर्तता होते. ऑल्टने नाव आले आणि टॅबने आले नाही, तर दोष त्या कमांडच्या नियमाचा. ‘कम्प्लीट’ या कमांडला ‘पी’ देऊन तो नियम वाचता येतो, ‘आर’ देऊन त्या सत्रापुरता काढून टाकता येतो. याच थरात परवानगीचाही घोटाळा होतो. कमांडच्या आधी ‘सुडू’ लिहिले म्हणजे आपल्याला सगळी फोल्डरे उघडी झाली असे वाटते. पण टॅब दाबतो त्या क्षणी सुडू अजून सुरूच झालेला नसतो. नावे शोधायला जातो तो आपलाच साधा शेल, आणि ज्या फोल्डरात त्याला डोकावण्याची मुभा नाही तिथून तो रिकाम्या हाताने परत येतो.

हे दोन थर जगातल्या कुठल्याही लिनक्स वापरणाऱ्याला सारखेच लागू आहेत. तिसऱ्यापासून देवनागरी सुरू होते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे आणि यूटीएफ-८ या पद्धतीत त्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. ‘सिद्धगड’ कागदावर चार अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या हिशेबात तो स, पहिली वेलांटी, द, हलन्त, ध, ग, ड असा सात चिन्हांचा आणि २१ बाइटांचा आहे. (एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरी नाव ८५ चिन्हांपुढे जाऊ शकत नाही.) हे बाइट तीन-तीनच्या गटाने वाचायचे आहेत हे शेलला कळते ते ‘लोकेल’ या सेटिंगवरून. दूरच्या सर्व्हरवर गेलो आणि तिथे मराठीचे लोकेल तयारच केलेले नसेल, तर तो सर्व्हर ‘सी’ नावाच्या जुन्या लोकेलवर उतरतो, आणि त्या लोकेलला रोमन लिपीपलीकडचे जग माहीत नाही. तिथे ‘एलएस’ने यादी मागितली तर सिद्धगडाच्या जागी ३४०, २४४ अशा आकड्यांची माळ दिसते.

त्याहून विचित्र प्रकार टाइप करताना होतो आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. ‘सी’ लोकेलमध्ये रीडलाइन मोठ्या किमतीच्या बाइटचा वरचा बिट काढून घेते आणि त्याच्या आधी एस्केपची कळ दाबली होती असे मानते. जुन्या टर्मिनलांसाठी केलेली ही तजवीज आहे. आपल्या क, स, द, ग या सगळ्यांचा मधला बाइट एकच आहे, ‘ए-चार’. त्याचा वरचा बिट गेला की उरते डॉलरचे चिन्ह. आणि एस्केपनंतर डॉलर म्हणजे बॅशच्या नेहमीच्या कळरचनेत ‘शेलमधल्या चलाचे नाव पूर्ण कर’ अशी आज्ञा. थोडक्यात, माणूस ‘सिद्धगड’ लिहीत असतो आणि शेलला मात्र अक्षरागणिक वेगळ्याच पूर्ततेचे हुकूम मिळत असतात. पडद्यावर गोंधळ उडतो, घंटा वाजत राहते आणि कीबोर्डवर संशय घेतला जातो. इलाज दोन मिनिटांचा आहे: ‘लोकेल’ ही कमांड देऊन काय चालू आहे ते पाहावे, मराठीचे यूटीएफ-८ लोकेल तयार करून घ्यावे, किंवा तेवढा अधिकार नसेल तर ‘सी’चीच यूटीएफ-८ आवृत्ती निवडावी. जीलिबसी या लिनक्सवरच्या मूळ लायब्ररीच्या २०२२ मधल्या २.३५ या आवृत्तीपासून ती मूळ संचातच येते.

दिसण्याचे घोटाळे वेगळे ओळखायला हवेत, कारण त्यांत पूर्तता बरोबर झालेली असते. जोडाक्षर किती रकाने व्यापते याबद्दल टर्मिनल आणि रीडलाइन यांचा हिशेब जुळला नाही, तर कर्सर शब्दाच्या भलत्याच जागी उभा दिसतो. ओळ मोडल्यासारखी दिसते, पण एंटर दाबला की कमांड बिनचूक चालते. प्रॉम्प्टला रंग देताना रंगाच्या संकेतांभोवती उलटी रेघ आणि चौकोनी कंस यांची जोडी घालायची राहिली तरी असेच होते. आणि उच्चाराप्रमाणे टाइप करण्याच्या पद्धतीत शेवटचे अक्षर अधोरेखित अवस्थेत असेल, तर ते अजून शेलपर्यंत पोचलेलेच नसते. ते पक्के केल्याशिवाय टॅब दाबण्यात अर्थ नाही.

आता नावाकडे वळू. ‘सिद्धगड’ आणि ‘सिध्दगड’ यांत तीच सात चिन्हे आहेत, तेच २१ बाइट आहेत. फक्त द आणि ध यांची जागा अदलाबदल झाली आहे. युनिकोडच्या तक्त्यात हे दोघे शेजारी आहेत, त्यांच्या तीन बाइटांपैकी पहिले दोन सारखे आणि तिसऱ्यात एकाचा फरक. टॅबला मात्र तो फरक पुरतो. ‘सि’पर्यंत दोन्ही नावे सारखी, म्हणून तो ‘सि’वर थांबला. त्याने अगदी बरोबर केले. ‘शुध्द’, ‘प्रसिध्द’, ‘सिध्द’ ही लेखनरूपे पाट्यांवर, पत्रिकांवर आणि कचेऱ्यांतल्या कागदांवर इतकी रुळली आहेत, की वाचणारा डोळा ती आपोआप दुरुस्त करून घेतो. यंत्राला असा उदार डोळा नाही. एकाच संग्रहात दोन माणसांनी भर घातली, एकाने ‘द’ आधी लिहिला आणि दुसऱ्याने ‘ध’, की एका किल्ल्याचे दोन किल्ले होतात.

इथे निदान डोळ्यांना फरक दिसतो. ज्यात तोही दिसत नाही असे उदाहरण म्हणजे ‘कातकऱ्यांची-गाणी’. शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवर कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे, तेव्हा असे फोल्डर या संग्रहात असणे स्वाभाविकच. यातला ‘ऱ्या’ मराठीची खासियत आहे आणि संगणकात तो तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त आणि य. दोन, साधा र, त्याखाली नुक्त्याचे वेगळे चिन्ह, मग हलन्त आणि य. तीन, साधा र, हलन्त, त्यानंतर जोडणीचे एक अदृश्य चिन्ह आणि य. १९९६ च्या युनिकोड २.० मधली ही रीत आजही चालू ठेवलेली आहे. नुसता ‘कातकऱ्यांची’ हा शब्द पहिल्या प्रकारे ३३ बाइटांचा होतो, उरलेल्या दोन प्रकारे ३६ बाइटांचा. चांगल्या फॉन्टमध्ये तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. अशी दोन फोल्डरे असली की टॅब ‘कातक’वर अडतो आणि यादीत एकच नाव दोनदा दिसते. हे पाहून कुणालाही यंत्र भ्रमले असे वाटेल. पण ‘एलएस’चा निकाल ‘ओडी’ या कमांडकडे पाठवून बाइट उलगडून पाहिले, की साक्ष खरी निघते.

अंकांचेही तसेच. स्वातंत्र्यसैनिक वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना सिद्धगडावर हौतात्म्य आले ती तारीख २ जानेवारी १९४३. ती फाइलीच्या नावात कुणी देवनागरी अंकांत लिहितो, कुणी रोमन कळांवरच्या अंकांत. ज्या मुरबाड तालुक्याच्या हद्दीवरच्या नाणेघाटात सातवाहनकाळी ब्राह्मी अंक कातळात कोरले गेले, तिथल्या नोंदींत अंक कोणते वापरावेत हा प्रश्न लहान नाही. माझ्या मते दोन्ही चालतील, पण एका संग्रहात एकच.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की यंत्राने एवढे समजून घ्यायला काय हरकत आहे? रोमन लिपीतला लहान-मोठ्या अक्षरांचा भेद दुर्लक्षून नावे जुळवण्याची सोय रीडलाइनमध्ये आहेच. झेडशेलमध्ये तर एक-दोन चुका पोटात घालून नाव सुचवण्याचीही व्यवस्था करता येते. आक्षेपात तथ्य आहे. निदान ‘ऱ’ची पहिली दोन रूपे एकच मानली जावीत, कारण युनिकोड स्वतःच त्यांना समान मानते. पण सरसकट अंदाज करणाऱ्या टॅबची मला धास्ती वाटते. जी कळ ‘सीडी’पुढे चालते तीच फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’पुढेही चालते. ‘सिद्धगड’ लिहिणाऱ्यापुढे ‘सिध्दगड’ आपणहून ठेवला गेला आणि त्यात वेगळीच छायाचित्रे असली, तर ती परत येत नाहीत. संशय आला की थांबणारा टॅब चुकीच्या उदारतेपेक्षा कितीतरी भला.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे: नावे रोमन लिपीत ठेवा, कटकट मिटेल. मिटत नाही, वाढते. सिद्धगड रोमनमध्ये लिहिताना ‘डी’ एकदा की दोनदा, ‘एच’नंतर ‘ए’ घालायचा की नाही, एवढ्यावरच चार रूपे होतात. शेवटच्या ‘ड’साठी कुणी ‘डी’ लिहितो, कुणी त्याला ‘एच’ जोडतो, कुणी ‘आर’ आणि ‘एच’ लिहितो, की डझनभर झाली. यांतले कोणते बरोबर हे ठरवायला रोमनमध्ये कसलाच नियम नाही. देवनागरीत तो आहे आणि संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. सिध् या धातूला त प्रत्यय लागून ‘सिद्ध’ होतो, उच्चारात द् आधी येतो आणि ध नंतर. यंत्राच्या सोयीसाठी भाषा वाकवा असे इथे कुणी सांगत नाही; भाषेचा स्वतःचा नियम पाळला की यंत्राची अडचण आपोआप सुटते.

आता दुरुस्तीचे. ‘कॉन्व्हएमव्ही’ नावाचे साधन फोल्डरातल्या सगळ्या नावांना युनिकोडच्या प्रमाण रूपात आणते, त्यामुळे र आणि नुक्ता वेगळे लिहिलेली नावे ‘ऱ’ची होतात. जोडणीचे अदृश्य चिन्ह मात्र ते काढत नाही, आणि ‘ध्द’ला तर ते हातही लावत नाही, कारण यंत्राच्या लेखी ती चूकच नाही. ती नावे माणसानेच बदलायची. बदलताना एक जपावे: ‘सिद्धगड’ आधीच असताना ‘एमव्ही’ने ‘सिध्दगड’चे नाव बदलायला गेलो, तर नाव बदलत नाही, ते फोल्डर उचलून पहिल्याच्या पोटात ठेवले जाते. म्हणून आधी दोन्हींतल्या फाइली पडताळाव्यात, आतल्या फाइली हलवाव्यात आणि मग रिकामे फोल्डर काढावे. पुढे टाइप करताना इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरणाऱ्यांनी ‘जे’च्या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरली की तिथेच ‘ऱ’ आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे.

दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्म्यांना मानवंदना देण्यासाठी लोक जमतात, छायाचित्रे काढतात आणि ती कुठल्या ना कुठल्या संगणकात जाऊन बसतात. ती नंतर शोधणाऱ्याला सापडावीत म्हणून नाव देताना द आधी लिहा आणि ध नंतर. आणि तुमच्याकडे जुना संग्रह असेल, तर आजच टर्मिनल उघडून ‘सिध’ एवढे लिहा आणि टॅब दाबून पाहा.